वहिनींच्या ओरडणाऱ्या पेशी

आमच्या वहिनी प्रयोगशाळेत छोट्या प्लेटांमध्ये माणसाच्या पेशी वाढवतात. सुट्टीच्या दिवशीही त्यांना खायला घालून येतात. दादा म्हणतो, "नवरा उपाशी राहिला तर चालेल, प्लेटा उपाशी राहता कामा नयेत." वहिनी रागावत नाहीत. खरंच आहे, रागावणार कशाला?

विषाणू आत शिरला की पेशी आरडाओरडा करते, शेजारणींनाही सावध करते. पण काम झालं की तिनं गप्प बसायला हवं, नाहीतर स्वतःच्याच घरादाराची नासाडी. हे मला वहिनींनीच सांगितलं. त्यांच्या प्रमुख बाईंना वाटत होतं, पेशीला गप्प करणारं जनुक आपल्याला सापडलंय. ते जनुक काढून टाकलेल्या पेशी ओरडतच राहिल्या, छान झालं. पण शेवटच्या प्रयोगात जनुक शाबूत असलेल्या धडधाकट पेशीही गप्प बसेनात. म्हणजे त्या जनुकाचा संबंधच नाही, बाईंची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात.

वहिनींनी सगळं अंगावर घेतलं. नुकत्याच तापातून उठून कामावर गेल्या होत्या. "मीच प्लेटांची अदलाबदल केली असणार, भाऊजी. हे काम सोडते आता." त्यांनी ताट बाजूला सारलं. मला राग आला.

"आधी चूक सापडू द्या, मग सोडा."

दुसऱ्या दिवशी बाई शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या वेळी केलंत तसंच सगळं करा." वहिनींनी प्लेटेत ताजं मीडियम, म्हणजे पेशींचं खाणंपिणं, ओतलं आणि वर थोडं जुनं घातलं. नव्या प्लेटेत पेशी रुसल्या, वाढेनाशा झाल्या की वहिनी असं करतात, दह्याला विरजण लावावं तसं.

"हे जुनं कुठलं?" बाईंनी विचारलं.

जनुक काढलेल्या पेशींच्या प्लेटेतलं. त्या पेशी विषाणू नसतानाही कुरकुरत असतात आणि ती हाक मीडियममध्ये उतरते. धडधाकट बिचाऱ्या गप्प बसायला जात, तोच वहिनी रोज नवी हाक पाजत.

फक्त ताजं मीडियम घालून प्रयोग पुन्हा केला. धडधाकट पेशी ओरडल्या आणि शहाण्यासारख्या गप्प झाल्या. म्हणजे गप्प करणारं जनुक तेच होतं.

बाई खुर्चीत मटकन बसल्या. "मी तर घरी सांगून टाकलं होतं, प्रयोगशाळा सोडते म्हणून."

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. मग दोघी हसत सुटल्या.

संध्याकाळी वहिनी दारातच बसल्या, चप्पलही न काढता. डोळे पुसत म्हणाल्या, "फार भ्याले होते हो, भाऊजी."

मीही भ्यालो होतो. उठून त्यांना पाणी आणून दिलं.