पिल्लाचा फोटो

शिक्रापूरच्या चौकात स्टुडिओ असलेले आमचे फोटोग्राफर गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटोसाठी बसवतात आणि सहज विचारतात, "ऊस गेला का कारखान्याला?" माणूस उत्तर द्यायला लागला की बटण दाबतात.

आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा मी त्यांना फोटो काढायला घरी बोलावलं. पिल्लू दोन दिवस कॉटखाली दडून होतं. माझ्या मोबाईलच्या फ्लॅशनं ते आणखीच भेदरलं होतं.

त्यांनी खिडकी उघडली आणि ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी सरळ फरशीवर पालथे पडले. "आपणच त्याच्याएवढं व्हायचं," म्हणाले.

अर्ध्या तासानं पिल्लू बाहेर आलं, त्यांचा हात हुंगला आणि मनगटावर मान टाकून झोपलं. तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला.

"वरवंडला साखरपुड्याला पोचायचं हाय," ते कुजबुजले. "पण आता हात कसा काढू? तुम्हीच काढा फोटो."

मी फ्लॅश बंद करून मोबाईलवर काढला, तोही जरा हललेला. मग पिल्लू जागं होईपर्यंत ते तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "तो फोटो मला पाठवा," म्हणाले. "माझा एकबी फोटो न्हाई घरात."