लगद्याची टोपली

भिजलेल्या मेथ्यांचा वास आला की दुसरबीडचं आमचं अंगण दिसतं. घरात माय, ताई आणि मी, तिघीच. ताईचं लग्न ठरलं होतं. त्या रविवारी ती रद्दी कागद आणि मेथ्या कुटून केलेला लगदा टोपलीसाठी पालथ्या पातेल्यावर थापत होती. दरवेळी मोठं पातेलं घ्यायची. त्या दिवशी लहान घेतलं.

"एवढी लहान काऊन वं?" मायनं विचारलं.

"तुमच्या दोघींपुरती. मी तं जाऊन राह्यली."



ताई सासरी गेल्यावर त्या टोपलीत मायनं मुरमुऱ्यांचा चिवडा भरला. एक वाटेकरी कमी झाली म्हणून मी खूश होते.

ताई पहिल्या बाळंतपणातच गेली. पुढे मायही गेली.

आज त्याच टोपलीत मी चिवडा काढला. मला एकटीला ती मोठी होते.