अजून धरेल शे

आबा चाक उकळत्या पाण्यातून काढायचे, जुन्या फडक्यात धरायचे, टायरच्या कडेवर अंगठा दाबायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही चार-पाचजण भोवती उभे. कुणी बोलायचं नाही. मग निकाल लागायचा.

"अजून धरेल शे."

म्हणजे गोंदानं अजून धरून ठेवलंय. चाक परत पातेल्यात.

दुसरा निकाल एकाच शब्दाचा होता. "सुटनं." या दोन्हींच्या मधलं त्यांच्याकडे काही नव्हतं. 'होत आलंय', 'बघू', 'सुटेल असं वाटतंय' ही आमची भाषा. साहेबलोकांचीही. आबांची नाही.

तुम्ही म्हणाल, चाकं उकळायची ही काय रीत? सांगते. जळगावजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांची टीम होती. गाडी हातभर लांब, पण पळायला लागली की अंगावर यायची. त्या वेगात टायर रिमवरून उडू नये म्हणून तो झटपट गोंदानं कायमचा चिकटवतात. पुढे रिम तडकते तेव्हा टायर चांगला असतो, टायर झिजतो तेव्हा रिम धड असते. पण दोघं एकमेकांना चिकटलेले. म्हणून बहुतेक जण दोन्ही फेकून देतात. आमच्या टीमला ते परवडत नव्हतं. आधीच्या मुलांनी टाकलेल्या चाकांवर आमची गाडी उभी राहायची, आणि ती चाकं आबा सोडवून द्यायचे.

आबा वर्कशॉपमध्ये मदतनीस होते, ठेकेदाराचे माणूस. लेथ पुसणं, लोखंडाचा कीस गोळा करणं, हत्यारं मोजून घेणं ही त्यांची नेमून दिलेली कामं. चाकं सोडवणं हे त्यांनी स्वतः अंगावर घेतलेलं. त्याआधी त्यांची हयात धुळ्याला हायवेवर, ट्रकच्या टायरचं रिमोल्डिंग करण्यात गेली. झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवून त्याला परत रस्त्यावर धाडायचं. ते दुकान बंद पडलं आणि काही वर्षांनी आबा जळगावला आले. कॉलेजच्या मागच्या गावात एक खोली घेतली. शनिवारी एसटीनं धुळे, सोमवारी सकाळी परत, डब्यात कळण्याची भाकरी.

पहिल्यांदा आमचं चाक हातात घेतलं तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते हसत होते.

"पुरुषभर उंच टायर उचलेल हात शेतस हे," ते म्हणाले. "अन् आते ही जिलेबी!"

कोपऱ्यात लेथच्या मागे एक तारेची विजेची शेगडी होती. त्यावर ॲल्युमिनियमचं पोचे पडलेलं पातेलं. टायरच्या आत स्पंजाचं कडं असतं, त्यामुळे चाकं तरंगतात. म्हणून आबा वर ताटली ठेवायचे आणि ताटलीवर एक बेअरिंग. उकळी आली की अर्धा तास हात लावायचा नाही. मग त्यांचं हत्यार निघायचं. स्टीलच्या चमच्याचा दांडा, ग्राइंडरवर घासून पातळ केलेला, पण धार मुद्दाम मारून टाकलेली. तो टायरच्या ओठाखाली सरकवायचा आणि गोल फिरवत न्यायचा. आधी बाहेरची कड, मग आतली. सुटलेला स्पंज ते धुणं पिळावं तसा पिळायचे आणि दोरीवर टाकायचे. वर्कशॉपच्या दोरीवर स्पंजाची कडी वाळत असायची. नवे विद्यार्थी ती पाहून विचारायचे, "आबा, पापड टाकले का?"

मे महिन्यात पत्र्याच्या त्या शेडमध्ये उभं राहवत नसे. चाळीसगावचा किरण आमची गाडी चालवायचा. तो एकदा म्हणाला, "आबा, शेगडी बंद करा. जळगावचं ऊन आहे, पातेलं बाहेर ठेवा, पाच मिनिटांत सुटतं."

"तू बस पातेल्यात," आबा म्हणाले. "तुन्ही खोड बी सुटी जाई."

माझ्या हातून एक टायर फाटला होता. "धरेल शे" असं त्यांनी सांगूनही मी दांडा घुसवला आणि ओढलं. मला वाटलं, एवढं सैल झालंय, जोर लावला की निघेल. रबर चर्रकन फाटलं. निम्मा ओठ रिमलाच चिकटून राहिला. मी ओशाळून उभी. आबांनी तो टायर घेतला, फाटलेल्या जागी अंगठा फिरवला आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवला. ओळीनं सात-आठ खिळे होते. प्रत्येकावर कुणीतरी घाईत फाडलेला एकेक टायर.

"हाऊ तुन्हा फोटो, माय," ते म्हणाले. रागावले नाहीत. मला मात्र ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. मी अमळनेरची. माझे वडील पत्रकं काढायचे. पाणीपट्टीवर, शाळेच्या गळक्या छपरावर, एसटीच्या रद्द फेऱ्यांवर. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे बसायला पाटासारखे वापरले जात. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं, एवढं मला पोहण्यासारखं येत होतं. कॉलेजात आम्ही सातजण मिळून एक पानी पत्रक काढायचो. लिहायची मीच.

आणि अन्याय तर डोळ्यांसमोर होता. गोंद उकळला की त्याची वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते. आम्ही दारात पळायचो. आबा पातेल्यावर वाकलेले असायचे. मागची खिडकी लोखंडी कपाटानं झाकलेली. एक्झॉस्ट फॅनसाठी भिंतीला भोक पाडून ठेवलेलं, फॅन कधी आलाच नाही. भोकाला पुठ्ठा. आबा खोकायचे, डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "डोया धुवाई गयात. आते बठ्ठं साफ दिसस."

आम्ही हसायचो. त्या हिवाळ्यात खोकला थांबेना, तेव्हा माझं हसू गेलं.

मी पत्रक लिहिलं. ते चांगलं झालं होतं, हे आजही म्हणते. माणसाच्या छातीत धूर जातो आणि कॉलेजच्या माहितीपुस्तकात हिरवळीचे फोटो छापतात, असं त्यात होतं. पंखा द्या, मास्क द्या, ठेकेदारीतून सोडवून कायम करा, अशा तीन मागण्या होत्या. आबांचं नाव घातलं नव्हतं. मधोमध एक वाक्य होतं, सगळ्यांत धारदार: 'लेथच्या मागच्या कोपऱ्यात, उघड्या तारेच्या शेगडीवर, हा साठीचा माणूस तुमच्या बक्षिसांची चाकं उकळतो.' कॅन्टीनमध्ये मी ते मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या. किरणनं टेबल वाजवलं.

दुपारी पत्रक घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले. आबा सावकाश वाचायचे, ओळीखाली बोट धरून. बोट सरकत सरकत त्या वाक्याशी आलं आणि थांबलं. शेगडीवर पाणी उकळत होतं.

"हाई ओळ..." ते म्हणाले.

"ती तर सगळ्यांत भारी झालीय, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "वाटाई गयं का बठ्ठं?"

"सगळं. ऑफिसातसुद्धा."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि चाकावर अंगठा दाबला. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कार्यालयाचं पत्र लागलं. कार्यशाळेत विनापरवाना विद्युत शेगडी वापरली जात असल्याचे विद्यार्थ्यांच्याच पत्रकावरून निदर्शनास आले आहे. सदर मदतनिसाने सुरक्षेचे नियम मोडले आहेत. ठेकेदारानं आबांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. पुरावा म्हणून फाइलला माझं पत्रक लावलं होतं. माझं वाक्य लाल पेनानं अधोरेखित.

आम्ही ऑफिससमोर बसलो, घोषणा दिल्या. नऊ दिवस. दहाव्या दिवशी एक्झॉस्ट फॅन आला. मास्कचा खोका आला. माणूस परत घेणार नाही, तो ठेकेदाराचा प्रश्न आहे, असं उत्तर आलं. आमच्यातलेच काही म्हणाले, तीनपैकी दोन मागण्या मान्य झाल्या, विजय म्हणून पत्रक काढू. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी धुळ्याला गेले. एसटीत मांडीवर वही घेऊन दुसरं पत्रक लिहीत होते. ते आबांना वाचून दाखवायचं, मग छापायचं. हायवेमागच्या गल्लीत त्यांचं घर. आबा ओट्यावर रिकामे बसले होते. मी त्यांना रिकाम्या हातांनी कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे, दुसऱ्या कुणीतरी ठेवायला दिल्यासारखे. एकदा त्यांनी मला सांगितलं होतं, रिमोल्डचं दुकान बंद झालं तेव्हा चार वर्षं हात असेच होते, भाकरी तोडतानासुद्धा लाज वाटायची. कॉलेजनं हात भरून दिले, असं म्हणाले होते. मी ते पुन्हा रिकामे केले होते.

त्यांच्या घरच्यांनी, जीजींनी, चहा दिला. मला म्हणाल्या, "तूच का ती लिखनारी?" आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. त्यानं जास्त लागलं.

मी वही उघडली. आबांनी हात वर केला.

"तू खोटं नही लिखं," ते म्हणाले. "पन माले इचारं नही."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही लिहू दिलं नसतं."

"दिधं असतं. फक्त चहा बी लिखाले सांगतू."

"कसला चहा?"

"शेगडीवरला!" ते म्हणाले. "रोज अकराले कोना चहा व्हये तिथं? साहेबलोकेस्ना. शेगडी कोनी आणी? साहेबस्नी. आपली चाकं तं चहाना मांगून आली. चहा लिखती ना माय तू, तं कोनी शेगडीले हात नही लावता."

तो चहा मीही पाहिला होता, प्यायलेही होते. वर्कशॉपचे साहेब, त्यांचे दोन मित्र, कधी कार्यालयातले मोठे साहेब, सगळे त्याच शेगडीवरचा चहा घेत. मी तो लिहिला नाही, कारण पत्रकात चहा फार किरकोळ दिसला असता. मला छातीतली वाफ हवी होती. चहाची वाफ माझ्या वाक्यात बसत नव्हती.

"मग आता लिहिते," मी म्हटलं. "आत्ता. उद्या छापते."

आबांनी माझ्या वहीवर अंगठा ठेवला. नेहमीसारखा, कड दाबून पाहावी तसा. आणि डोळे मिटले. मी वाट पाहत राहिले. ओट्यासमोरून एक ट्रक मागे-मागे घेत होता, क्लीनर ओरडत होता, "आन दे, आन दे!"

"नको," शेवटी आबा म्हणाले. "आते तिथं मन्ही जागा दुसऱ्या पोऱ्याले भेटनी व्हई. त्यानी शेगडी नही. माले बसाडाले त्याले का उपडस?"

ते पत्रक मी छापलं नाही. शेगडी खरी होती, वाफ खरी होती, खोकला खरा होता, आणि ते सगळं त्या लोकांनी एका गरीब माणसाच्या विरोधात वापरलं. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण साहेबांवर चिडताना मला स्वतःपासून सुटका हवी असते, हेही मला कळतं. मी अजूनही पत्रकं लिहिते. आता ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्यासमोर आधी बसते, बोट ओळीखाली फिरू देते, आणि बोट कुठे थांबतं ते पाहते. वेळ लागतो. कधी कधी पत्रक निघतच नाही.

पुढे आबा सुरतेला गेले, मुलीकडे. हे लिहायच्या आधी मी फोन केला. खोकला तसाच होता, मधून मधून बोलणं तोडणारा. मी विचारलं, तुमच्यावर लिहू का? पलीकडे खोकला उसळला, मग थांबला. मला वाटलं, फोन कट झाला.

"लिख," ते म्हणाले. "नाव नको. अन् चहा ईसरू नको."

परवा काही कामासाठी कॉलेजात गेले होते, तेव्हा वर्कशॉपमध्ये डोकावले. कोपरा स्वच्छ आहे, शेगडी नाही. टीमची वापरलेली चाकं भंगाराच्या पिंपात पडलेली, टायर आणि रिम एकमेकांना घट्ट धरून. एक उचललं. अंगठा दाबून पाहिला. मला काहीच कळलं नाही.

भिंतीवरचे खिळे कुणी काढलेले नाहीत. पंखा त्यांच्या बरोबर वर बसवला आहे. तिथल्या मुलानं बटण दाबलं तसा माझा फाटलेला टायर खिळ्यावर हलला, भिंतीपासून जरासा सुटला, आणि पंखा फिरत होता तोवर तसाच हलत राहिला.