ट्रेलरवर काच असताना

मामांच्या कारखान्यात बोलायला बंदी नव्हती. बंदी फक्त काच हातात असताना होती. पण कारखाना काचेचाच असल्यामुळे दिवसाचा बराचसा भाग शांततेत जाई, आणि बाहेरून आलेल्या माणसाला इथे कोणाचं तरी काही तरी बिनसलंय असं वाटे.

नियम साधा होता. मोठं तावदान उचललं की शब्द एकाचाच. खालचा मागचा कोपरा ज्याच्या हातात, तोच बोलणार. 'उचल', 'डावीकडे', 'टेक'. बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही. शिंक आली तर गिळायची. कारण खालची कड ज्याला दिसते, पुढे काय होणार ते त्यालाच कळतं. बाकीच्यांना नुसतं वाटतं.

हा नियम बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी तयार झाला. दोघे एकदम बोलले होते. एक म्हणाला 'टेक', दुसरा म्हणाला 'थांब'. 'टेक' म्हणणारे मामा होते. 'थांब' म्हणणाऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या दिवशी गेली. तो आजही मामांकडेच कामाला आहे आणि सगळे त्याला मौनी म्हणतात. बोटांबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही, आणि मामांनी त्याला कधी कामावरून काढलं नाही. यापलीकडे दोघांत काही करार नव्हता.

मामा हे नुसतं म्हणायचं नाव. ते कोणाचेच मामा नव्हते. कारखान्यातच काम करणाऱ्या स्वतःच्या पुतणीसकट सगळे त्यांना मामा म्हणत, आणि काका असूनही मामा म्हणवून घेण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. वय अठ्ठावन्न. चालताना दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, जणू मोकळ्या हातातही एक तावदान आहे.

त्यांची जुनी डबागाडी एका मंगळवारी चढावर थांबली आणि पुन्हा हलली नाही. डबागाडी म्हणजे पुढे मामा एकटे, मागे पत्र्याच्या बिनखिडकीच्या पेटीत बाकांवर सहा माणसं, आणि त्यामागे ट्रेलर, ज्याच्या तिरप्या चौकटीवर काचा उभ्या बांधलेल्या. ट्रेलरवर काच असली की गाडीतही कारखान्याचाच नियम. रस्ता आणि आरसे मामांपुढे, म्हणून शब्द मामांचा.

नेमकं त्याच आठवड्यात मोठं काम आलं होतं. नदीपलीकडे नव्या पोहण्याच्या तलावाची इमारत उभी राहत होती. बेचाळीस तावदानं, प्रत्येक दीड माणूस उंच. क्रेन रोज सकाळी फक्त दोन तास मिळणार. कंत्राटदाराने फोनवर सांगितलं, "सोमवारी साडेसहाला काच आणि सात माणसं. दोन्ही एकदम. आधी काच मग माणसं असलं मला चालत नाही. नाहीतर यादीत पुढचं नाव आहे."

सात माणसं बसतील आणि वर काचेचा ट्रेलर ओढेल अशी गाडी म्हणजे जवळजवळ खोलीच. नवी घ्यायची ऐपत नव्हती. मामींनी, म्हणजे मामांच्या बायकोने, दुसरा मार्ग सुचवला. कारखान्याचे फोन आणि मापांच्या चिठ्ठ्या त्याच बघत.

"पाच जणांची गाडी उद्या मिळते."

"आणि उरलेले दोघे?"

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त सीटा मोजते."

दोघे कोण ते ठरवायची गरज नव्हती. एक मौनी, कारण तो त्रेसष्टचा होता आणि आठ बोटांचा. दुसरा मामींचा सख्खा भाऊ, कारण काच हातात नसताना बोलत राहणं हेच त्याचं मुख्य काम होतं. मामींनी सीटा मोजताना भावाकडे पाहिलं नाही. हे कारखान्यात सगळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी सकाळी सातही जण एका जाहिरातीच्या पत्त्यावर गेले. गाडी दारातच उभी होती. काळी, आठ सीटांची, लांबलचक, शेजारच्या दोन दारांपुढेही थोडी थोडी. मालक इस्त्रीच्या शर्टातला नम्र माणूस होता. दार दोन बोटांनी लावायचा.

"हॉटेलच्या पाहुण्यांची ने-आण केली हिने. दुसरं काही नाही," तो म्हणाला. "फुलासारखी जपलीय."

"ओढायला?" मामांनी विचारलं.

"छे. मागचा हूक आहे तो शोभेचा. बारा वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय, म्हणून जरा लवकर बघा."

मामांनी लवकर बघितलं नाही. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात नखाएवढा शिक्का असतो आणि त्यात काच कोणत्या साली बनली त्याची खूण असते. मामा चष्मा कपाळावर सरकवून एकेका काचेपुढे वाकले. पुढची, मागची, दारांच्या, शेवटच्या सीटेजवळच्या तिकोनी. साल सगळीकडे एकच. म्हणजे एकही काच कधी बदललेली नाही. म्हणजे गाडी कुठे आदळलेली नाही. मामांचा चेहरा उजळला.

"काच खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

मेहुणा म्हणाला, "दाजी, इंजिनपण बघा की. काचा तर आमच्या कपाटालाही चांगल्या आहेत."

"चालवून बघू. ओझ्यासकट."

इथे एवढं सांगायला हवं की गाडीची चाकं, ब्रेक आणि पोट यांच्याकडे मामांनी पाहिलं नाही. नेत्रतज्ज्ञाने मुलगी पसंत करावी तसा हा प्रकार झाला.

गाडी कारखान्यावर नेली. जुना ट्रेलर जोडला, त्यावर दहा तावदानं चढवली. चढवताना अर्थातच सगळे गप्प. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीच्या मागच्या सॉकेटमध्ये खोचायचं काम मौनीकडे होतं. तो वाकला, झाकण उघडलं, क्षणभर आत बघत राहिला, वायर खोचली आणि जाऊन शेवटच्या रांगेत खिडकीशी बसला.

मामा चालवायला, शेजारी मालक. मधल्या रांगेत पुतणी, मेहुणा आणि एक कारागीर. मागे मौनी आणि उरलेले दोघे. आठ जण आणि दहा काचा, कारखान्यापासून नदीपर्यंतच्या लांब उतारावर निघाले.

गाडीत फक्त मालक बोलत होता. त्याला नियम माहीत नव्हता.

"सीटचं कापड बघा. वरून गार हवा थेट शेवटपर्यंत जाते. मागे लागतेय ना हो हवा?"

मागून उत्तर आलं नाही. मालकाने वळून पाहिलं. सहा माणसं सरळ पुढे बघत बसली होती, फोटो काढून घेतल्यासारखी.

"अबोल आहेत मंडळी," तो मामांना म्हणाला.

पहिल्या वळणाला मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी शहाण्यासारखी हळू झाली. दुसऱ्या वळणाला तीच, पण किंचित उशिरा. मामांनी मान हलवली. ओझं आहे, चालायचंच.

शाळेची भिंत गेली. उतार तीव्र झाला. मेहुण्याने नाक वर केलं. डाव्या बाजूने जळक्या रबरासारखा वास येत होता. त्याने पुतणीकडे पाहिलं. पुतणीने आधीच खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं होतं. बाहेर, चाकाच्या वर, विडीच्या धुराएवढी एक रेघ निघत होती. मेहुण्याचं तोंड उघडलं, आणि बंद झालं. त्याच्या आयुष्यात हे फार वेळा घडलं नव्हतं.

शेवटच्या रांगेतून मौनीला मागची काच आरपार दिसत होती. डबागाडीत बावीस वर्षं पत्र्याकडे बघत बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच ट्रेलर चालत्या गाडीतून दिसत होता. ट्रेलर हळूहळू डावीकडे झुकत होता, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी हातभर जास्त. मौनीने अंगठा खिडकीच्या कडेवर घट्ट दाबून धरला.

"आणि आवाज बघा किती कमी," मालक म्हणाला.

तिसऱ्या वळणाला मामांनी ब्रेक दाबला आणि पाय पायदानापर्यंत मऊपणे खाली गेला. गाडी हळू झाली नाही. मामांनी पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा तेच, लोण्यात काठी खुपसल्यासारखं. खाली, उताराच्या तळाशी, सिग्नल लाल होता आणि त्यापाशी पाईप भरलेला एक ट्रक उभा होता. पाईप मागे बाहेर आलेले, टोकाला लाल फडकं.

मालकाचं बोलणं वाक्याच्या मध्येच संपलं.

मामांनी गिअर खाली ओढला. इंजिन ओरडलं, गाडी पुढे खेचल्यासारखी हिसकली, मागून काचांच्या चौकटीचा करकर आवाज आला. लाल फडकं मोठं होत होतं. पुतणीला त्यावरची शिवण दिसू लागली. ट्रकच्या अलीकडे डाव्या हाताला बसच्या आगारात जाणारा चढ होता. मामांनी स्टीअरिंग हळूहळू, तावदान फिरवतात तसं, डावीकडे नेलं, आणि हाताचा ब्रेक ओढत राहिले. गाडी चढावर चढली, मंदावली. ट्रेलरचं शेपूट अजून रस्त्यातच होतं, ते उजवीकडे झुकत ट्रकच्या पाईपांपाशी आलं आणि थांबलं.

पाईप आणि पहिली काच यांच्यात आठ बोटं अंतर होतं. हे नंतर मौनीने हात लावून मोजलं. त्याच्याकडे नेमकी तेवढीच होती.

चाकांखाली दगड लागले. ट्रक निघून गेला. त्याच्या चालकाला काहीच कळलं नव्हतं. मामा उतरले, एकेक काच तपासली. दहाही शाबूत. मग त्यांनी विचारलं,

"वास कधीपासून येत होता?"

कोणी बोलेना.

"आता बोला. मी सांगतोय ना."

"शाळेपासून," मेहुणा म्हणाला.

"शाळेच्या आधीपासून," पुतणी म्हणाली. "धूरपण होता."

"ट्रेलर दुसऱ्या वळणापासून डोलत होता," मागच्या रांगेतला एक जण म्हणाला.

मामांनी मौनीकडे पाहिलं. मौनी वाकून मागच्या सॉकेटचं झाकण उघडत होता. आतल्या पितळी खुंट्या घासून घासून लखलखत होत्या.

"शोभेचा नाही," मौनी म्हणाला. "हिने खूप ओढलंय. किनाऱ्यावर नाव ओढत असतील. खुंट्यांत वाळू आहे."

"हे तुला कारखान्यातच दिसलं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काच होती."

गाडी घेतली नाही तर सोमवारपासून कोण घरी बसणार हे दोघांनाही माहीत होतं. काचेमुळे गप्प बसलास की सीटेमुळे, हे मामांना विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही. उत्तर कोणतंही आलं असतं तरी नियम मामांचाच होता, आणि सीट मोजायची वेळही मामांनीच येऊ दिली होती.

"अरे, निदान खोकायचं तरी," ते म्हणाले.

"दाजी, खोकल्यावर तुम्ही गेल्या वर्षी मला अर्धा दिवस बाहेर उभं केलं होतं," मेहुणा म्हणाला.

मालक घड्याळ बघत होता. "बारा वाजता ते दुसरे येतील. तर आपण..."

"त्यांना इथेच बोलवा," मामा म्हणाले. "आम्ही सातही जण आहोत. उताराबद्दल सांगू त्यांना. नाव कोणत्या किनाऱ्यावर ओढायचात तेही तुम्ही सांगा."

दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. ते होतं की नव्हतं यावर मेहुण्याचं मत पुढे महिनाभर ऐकू येत राहिलं.

मिस्त्रीला आगाराच्या चढावरच बोलावलं. तो गाडीखाली शिरला आणि अर्ध्या तासाने तोंड काळं करून बाहेर आला. पुढचे ब्रेक जळून कडक झालेले, ब्रेकचं तेल कित्येक वर्षांचं, ट्रेलरचा स्वतःचा ब्रेक गंजलेला. "तो ट्रेलर तुमचा ना?" त्याने मामांना विचारलं. मामांनी दुसरीकडे पाहिलं.

"घ्यावी का?" मामींनी मामांच्या फोनवरून मिस्त्रीलाच विचारलं.

"गाडी चांगली आहे," मिस्त्री म्हणाला. "मालक वाईट होता. ब्रेक सगळे नवे घालतो. रविवारी संध्याकाळी नेता येईल."

गाडीच्या ब्रेकचं काम मालकाने करून द्यायचं ठरलं. तो फारसा बोलला नाही. त्याला एव्हाना नियम कळला असावा.

सोमवारी पहाटे काचा चढल्या, माणसं बसू लागली. मामा स्टीअरिंगवर बसले आणि मागे न वळता म्हणाले,

"खालची कड ज्याला दिसते, शब्द त्याचा. असंच आहे ना आपल्यात?"

कोणी काही बोललं नाही. काच चढलेली होती.

"मग आजपासून गाडीत शब्द मौनीचा."

मेहुणा चकित होऊन मागे वळला. बोलायला मिळावं म्हणून सगळं आयुष्य झटलेल्या माणसासमोरून शब्द गेला होता, आणि गेला होता तो मौनीकडे.

गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. शाळेची भिंत आली. मामांचा पाय ब्रेकवर हलकासा, हात स्टीअरिंगवर घट्ट. आरशात त्यांना मौनीचं फक्त कपाळ दिसत होतं. सव्वासहा होत आले होते आणि पूल अजून दूर होता.

तिसऱ्या वळणाच्या जरा आधी, उतार सर्वात तीव्र होता तिथे, मागून शब्द आला.

"थांब."

बावीस वर्षांत मामांनी हा शब्द या आवाजात ऐकला नव्हता. पाय आपोआप खाली गेला. गाडी थांबली, ट्रेलर थांबला, काचा जागच्या जागी. पुतणीने चाकांकडे पाहिलं, धूर नव्हता. वास नव्हता. मागून येणाऱ्या एका स्कूटरवाल्याने बाजूने जाताना चमत्कारिक नजर टाकली.

बराच वेळ काही झालं नाही.

"काय झालं?" मामांनी शेवटी विचारलं. नियम मोडून.

"काही नाही," मौनी म्हणाला. "तुम्ही थांबता का, ते बघत होतो."

मामांनी आरशातल्या कपाळाकडे पाहिलं. मग हात स्टीअरिंगवर ठेवून ते वाट बघत बसले.

"चल," मौनी म्हणाला.