बाबांना दिसलेला ठिपका
ओल्या रंगाचा वास आला, की पेणमधला आमचा गणपतीचा कारखाना आठवतो. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी बाबाच करायचे. एका दुपारी मी तिथेच लॅपटॉपवर लघुग्रह शोधत बसलो होतो. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो, त्यांत जागा बदलणारा ठिपका हेरायचा. बाबा मागून स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाले, “ह्यो बघ, सरकतोय.” मला काहीच दिसेना. मी वैतागून म्हणालो, “तुमाला आता दिसतंय कुठं, बाबा!” सगळे कारागीर आमच्याकडे बघायला लागले. बाबांनी ब्रश धुवून ठेवला आणि त्यानंतर एकाही मूर्तीचे डोळे आखले नाहीत. पुढे त्याच फोटोंत, बाबांनी बोट ठेवलं होतं तिथेच, दुसऱ्या कुणीतरी लघुग्रह शोधल्याचं वाचलं. आज माझ्या नावावर दोन लघुग्रहांचे शोध आहेत, बाबा हे येईल त्याला कौतुकाने सांगतात. त्यांचा ठिपका खरा होता, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.