ठिपक्याचं तिसरं घर

धाकटीनं आजही डबा तसाच परत आणला, आणि माझ्याही घशाखाली घास उतरला नाही. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात ती नोकरी करते. पिंजरे धुणं, औषधं देणं आणि कुत्र्यांसाठी घरं शोधणं हे तिचं काम. त्यांतला ठिपक्या दोन घरांतून परत आलेला. तिसऱ्या घरातून परवा निरोप आला, रविवारी घेऊन जा. तीनदा परतलेल्या कुत्र्याला चौथं घर सहसा मिळत नाही. तेव्हापासून पोरीची अन्नावरची वासनाच उडाली आहे.

ठिपक्याचा गुन्हा एवढाच, की त्या तिसऱ्या घरात बाळ आलं आणि त्यानं पाळण्याच्या खुराशी तंगडी वर केली. तिथल्या सासूबाईंनी फिनाईल ओतून घासलं. त्यानं पुन्हा केलं. त्यांनी पुन्हा घासलं.

पूर्वी मीही म्हटलं असतं, घाणेरडं जनावर. पण एकदा धाकटीबरोबर त्याला फिरवायला गेले होते. एका खांबाशी तो किती तरी वेळ हुंगत उभा. मग चार थेंब सोडून पुढे.

"चार थेंबांसाठी एवढा थाट?"

"आई, तो वाचत होता. कोण येऊन गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, ते वासावरून कळतं त्यांना. मग त्यानं आपली हजेरी लावली."

"तुझे बाबाही पाय वर घेऊनच पेपर वाचतात."

हसली होती तेव्हा.

पाळण्यापाशीही तेच झालं. घरात नवा वास आला, तसं यानं सांगितलं, मीही इथलाच. फिनाईलनं त्याची खूण बुजते आणि वर आणखी एक परका उग्र वास. मग तो पुन्हा सही करतो. धाकटी काल त्या घरी जाऊन हे समजावून आली. लघवीचा वास मुळापासून घालवणारं औषध नेलं, स्वतः फरशी पुसली आणि पंधरा दिवस मागितले.

"पोरी, चाळीस वर्षं घर पुसतेय," सासूबाई म्हणाल्या. "मला फडकं धरायला शिकवू नकोस."



धाकटी रडली नाही. "शनिवारी परत जाणार," एवढंच बोलली. जाईलच ती. पण लेकीच्या वयाच्या मुलीचं त्या बाई ऐकायच्या नाहीत. माझं ऐकतील. मीही आयुष्यभर फिनाईलच ओतत आले, हे त्यांना मीच सांगू शकते. नंबर उतरवून घेतलाय. उद्या दहाला, बाळाची आंघोळ उरकली असेल तेव्हा, त्यांना फोन करणार आहे. पंधरा दिवस कबूल करून घेतल्याशिवाय ठेवणार नाही.