हॅल्वरच्या तळघरातले मोजे

हॅल्वर टॉर्गरसनच्या तळघरात बायकांचे मोजे सापडले, तेही लांब मापाचे, ही बातमी बंब शेडमध्ये परत जायच्या आत सॉरबी गावभर झाली होती. आग विझवायला गेलेल्यांनीच ती आणली. कपडे वाळवायचा ड्रायर जळून कोळसा झालेला, वरच्या स्वयंपाकघराची लाकडी जमीन पोळलेली, आणि पलीकडच्या कोपऱ्यात दोरीवर तलम नायलॉनचे मोजे ओळीनं वाळत घातलेले. हॅल्वरची बायको बोर्गहिल्ड जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिवाय ती बुटकी होती.

लांब पायांची बाई आमच्या गावात एकच, इनेझ ब्रँडवोल्ड. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. साठी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आणि उंची अशी की भजनी मंडळाच्या फोटोत तिला कायम मागच्या रांगेत ढकलायचे. पुढची जुळणी आर्डेल फ्लाटेननं कॉफीचा कप संपायच्या आत केली.

"मी काही म्हणत नाही हो," आर्डेल म्हणाली. तिचं म्हणणं नेहमी इथूनच सुरू होतं. "पण नाताळात इनेझनं त्याला बटाट्याच्या लेफ्सा पोळ्या नेऊन दिल्या होत्या. रुमालात गुंडाळून!"

"मलाही दिल्या होत्या," मी म्हटलं.

"तुमच्या तळघरात काय वाळतंय ते कुणी बघितलंय?"

आता हे एवढं गाजायचं कारण हॅल्वर कोण होता त्यात आहे. पोटापाण्यासाठी तो धान्याच्या कोठारावर काटा सांभाळायचा, पण गाव त्याला ओळखायचं ते बंबाचा कॅप्टन म्हणून. आमच्याकडे बंब गावातलीच माणसं चालवतात, बिनपगारी, आणि हॅल्वर तर चोवीस तास कॅप्टनच असायचा. कोटाच्या खिशात पक्कड. तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत, तर तो आधी टोस्टरच्या मागे वाकून बघणार, मग बसणार. वायर झिजलेली दिसली की कटकन कापून टाकायचा आणि तुकडा यजमानिणीच्या हातात ठेवून म्हणायचा, "जेवण छान आहे." दर शरदात शाळेत जाऊन पोरांना शिकवायचा: ड्रायरमधली कपड्यांचा भुगा धरणारी जाळी दर वेळी साफ करा, चालू यंत्र सोडून घराबाहेर जाऊ नका. पोरं घरी येऊन आयांना धारेवर धरायची.

इनेझलाही त्यानं सोडलं नव्हतं. चर्च तापायला वेळ लागतो, म्हणून ती ऑर्गनखाली पायाशी एक छोटा हीटर ठेवायची, गालिच्याखालून एक्स्टेंशनची वायर ओढून. एका रविवारी प्रार्थनेच्या आधी, सगळं गाव बाकांवर बसलेलं असताना, हॅल्वर गुडघ्यांवर बसला आणि कटकन. उरलेला हिवाळा इनेझनं बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवलं.

तर अशा माणसाच्या घरी आग लागली. शनिवारी सकाळी, भर उजेडात. "मोटर अडकली," त्यानं बंबावरच्या लोकांना सांगितलं, आणि त्याच्या शब्दावर शंका घेणार कोण! शंका घ्यायला मोजे होते ना. धान्यकोठारावर आम्ही म्हातारे त्याला बघितलं की विचारायचो, "काय कॅप्टन, वाळले का?" हॅल्वर कानापर्यंत लाल व्हायचा, मान खाली घालायचा, पण नाही म्हणायचा नाही. म्हणून आम्हाला आणखी चेव.

मग तो कॉफीला यायचा बंद झाला. पोस्टात जायचं तर मागच्या गल्लीतून. शाळेतली पोरं रस्त्यात "कॅप्टन, जाळी साफ केली का?" असं लाडानं ओरडली, तर हा एवढा धिप्पाड माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला. आम्ही म्हटलं, प्रेमात पडलाय, या वयात लाज वाटणारच.

इकडे चर्चच्या महिला मंडळानं ठरवलं की इनेझनं ईस्टरपर्यंत "विश्रांती" घ्यावी. म्हणजे ऑर्गनवर बसू नये. त्या बाईला ऑर्गनशिवाय दुसरं काय होतं? एक मांजर, तेही बहिरं.

दुसऱ्या दिवशी ती हॅल्वरच्या घरी आली. भर दुपारी, पुढच्या दारानं, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. मी तिथेच होतो, जळक्या फळ्या उचकटायला मदत करत होतो.

"इनेझ, बस ना. कॉफी टाकतो."

"बसायला आलेली नाही. हॅल्वर, ते मोजे कुणाचे?"

तो हातातल्या हातोड्याकडे बघत राहिला. "नाही सांगता येत."

"तू सांगत नाहीस म्हणून गाव माझं नाव सांगतंय. रविवारी पाद्रीबाबा माझ्याकडून ऑर्गनची किल्ली मागून घेणार आहेत, कळलं?"

"मला काही तसं..."

"माझी वायर कापलीस तेव्हा अख्खं चर्च बघत होतं. मी अवाक्षर काढलं नाही, कारण चूक माझी होती. आता चूक कुणाची आहे, ते तुझं तू बघ."

ती गेली. हॅल्वर कडेला उरलेल्या फळ्यांवर बसला. मग म्हणाला, "ड्रायरची गरम हवा बाहेर नेणारी नळी असते ना, ती मी भिंतीतल्या भोकात परत खुपसली. बंबावरची माणसं यायच्या आधी. आग पुरती विझली की नाही ते नंतर बघितलं. नळी आधी."

मी काही विचारलं नाही. माझ्या स्वभावाला हे सोडून आहे, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले. हॅल्वर आला. कोट न काढताच किटलीशेजारी उभा राहिला.

"ते मोजे इनेझचे नाहीत," तो म्हणाला. "माझे आहेत."

हशा पिकला. व्हर्लिन, बंबावरचा त्याच्या हाताखालचा माणूस, ओरडला, "कॅप्टन, तुमचे पाय दाखवा बघू!"

हॅल्वर हसला नाही. म्हणाला, "घर तापवायचं तेल महागलं, म्हणून ड्रायरची नळी मी भिंतीतून काढून घरात सोडली. ऊब घरातच राहावी म्हणून. कपड्यांचा भुगा उडू नये म्हणून नळीच्या तोंडाला मोजा बांधला. भरला की धुवायचा, दुसरा बांधायचा. त्या दिवशी बदलला नाही. तो भुग्यानं ठासून भरला, हवा तुंबली, आत पेटलं. यंत्र चालू ठेवून मी गाडीवरचा बर्फ काढायला बाहेर गेलो होतो. आणि मोटरचं तुम्हाला खोटं सांगितलं."

"पण कॅप्टन," व्हर्लिन हळूच म्हणाला, "पोरांना तर तुम्हीच..."

"हो. मीच." त्यानं बंबाच्या शेडची किल्ली व्हर्लिनच्या बशीशेजारी ठेवली. "आणि गप्प बसलो. इनेझचं नाव घेतलं जात होतं, तरी बसलो. माझ्याकडे बाई येते असा बोभाटा परवडला, हे परवडत नव्हतं."

तेवढ्यात एक खुर्ची सरकली. मग दुसरी. आर्डेल कोट चढवत होती.

"अगं, केक तरी घे," कुणीतरी म्हणालं.

"मी काही म्हणत नाही हो, पण आमचा ड्रायर चालू आहे," असं म्हणून ती केकचं भांडं तिथेच टाकून पळाली. तिच्यामागे आणखी बरीच मंडळी, एकमेकांच्या नजरा चुकवत. त्या हिवाळ्यात सॉरबीच्या दुकानात बायकांचे मोजे का टिकत नव्हते, ते तेव्हा समजलं.

शरदात शाळेत व्हर्लिन गेला. हॅल्वरनं पक्कड खिशात ठेवणं सोडलं, आणि कुणाकडे जेवायला गेला तरी टोस्टरकडे पाठ करून बसायचा. इनेझ ऑर्गनवर राहिली. तिनं त्याला माफ केलं असं मी तरी ऐकलेलं नाही, आणि मी बहुतेक सगळं ऐकतो.

लांब मापाचे मोजे हॅल्वरनं शेजारच्या गावातून स्वतः विकत आणले होते. लांब मोज्यात भुगा जास्त मावतो आणि तो कमी वेळा धुवावा लागतो. इनेझ ब्रँडवोल्ड त्याच्या तळघरात कधीही उतरली नव्हती.